गुडगुडीच्या नळीचं टोक

कडुबाच्या हाताला एक खोड होती. मोडकं-सैल काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी दाराची कडी हलवून बघायचा, आणि चहा येईपर्यंत ती घट्ट करून मोकळा व्हायचा. स्वतःसाठी मुलगी बघायला गेला तेव्हा हा गडी मुलीकडच्यांचा स्टोव्ह उघडून बसला होता. त्याची बायको सत्यभामा हे अजून चारचौघींत सांगते आणि वर म्हणते की, मला बघायचं राहिलंच, स्टोव्ह तेवढा पसंत पडला.

लोक हसायचे आणि कौतुकही करायचे. कौतुकानंच माणूस बिघडतो, दुसरं काय! कुणी न सांगता केलेलं काम म्हणजे पुण्यच, असं कडुबा आपला धरून चालला होता. त्याला कधी कुणी अडवलं नाही. वेळीच कुणीतरी अडवायला हवं होतं.

त्याचं दुकान छावणीच्या बाजारात. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. आत एक भट्टी, पॉलिशचं चाक, भिंतीला टांगलेल्या कानशी आणि चिंचेच्या पाण्याचा कायमचा आंबूस वास. बाप कल्हईवाला होता. देवगाव रंगारी आणि आसपासच्या गावांतून भाता पाठीवर टाकून हिंडायचा. स्टील आलं आणि त्याचा धंदा बसला. कडुबा शहरात आला, पितळेच्या कामात शिरला, आणि मधली काही वर्षं लोकांनी पितळ मोडीत घातलेलं त्यानं डोळ्यांनी बघितलं. आता तेच लोक जुनी घंगाळं शोधून आणतात, त्यात झाड लावतात आणि दिवाणखान्यात ठेवतात. चला, कडुबाला काम मिळालं.

पितळेच्या बाबतीत मात्र तो भलता तापट. कुणी समई ॲसिडनं धुऊन आणली की आधी त्याला खरपूस ऐकवायचा. चिंच कोळून घ्या, चिमूटभर मीठ टाका, मऊ चिंधीनं चोळा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा; आंबट अंगावर वाळू दिलं तर पितळ तांबडं पडतं. मग कोरडं करा, पार आतपर्यंत कोरडं, नाहीतर सांध्यात हिरवं चढतं. हे सगळं तो इतक्या चिडून सांगायचा की गिऱ्हाईक चुकून माफी मागायचं.

तर अशा माणसाकडे तात्यासाहेबांनी आपली गुडगुडी दिली.

तात्यासाहेब देवगाव रंगारीचे मोठे शेतकरी. कडुबाचा बाप त्यांच्या घरच्या भांड्यांना वर्षानुवर्षं कल्हई करायचा, तेव्हापासूनची ओळख. आता म्हातारपणी ते आणि त्यांच्या मंडळी भागूबाई पडेगावला मुलाकडे, अभयकडे, राहायला आले होते. येताना तात्यासाहेबांनी गावाकडून कपडे आणले, पासबुक आणलं आणि ही गुडगुडी आणली. पितळेचं फुगीर पोटाचं भांडं, त्यात उभी नळी, नळीवर चिलीम आणि बाजूनं ओढायची लांब दांडी. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली त्याला बराच काळ लोटला होता. तरी तात्यासाहेब रोज संध्याकाळी भांड्यात ताजं पाणी भरत, चिलीम कोरडीच ठेवत आणि नुसतं पाणी गुडगुडवत बसत. सुनेला, दीपमालेला, आधी हा पोरखेळ वाटला. नंतर तिला त्यातलं कळलं, पण ते तिनं कडुबाला सांगितलं नव्हतं आणि तात्यासाहेबांनी तर नाहीच नाही.

आजवर ते स्वतःच ती गुडगुडी साफ करायचे. तारेला चिंधी गुंडाळून नळी पुसायची, शिळं पाणी रोज ओतून द्यायचं, सांध्याला बोटभर मेण लावायचं म्हणजे हवा निसटत नाही. पण आता हात कापायला लागले. कडुबाला बोलावून त्यांनी गुडगुडी त्याच्या हातात दिली, आणि देतानाही एक हात तिच्यावर ठेवूनच बोलले.

"बाहेरनं उजळ, आतला कीट काढ. बाकी कशाला हात लावू नको."

कडुबा व्हय म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, त्यात खोट नव्हती. पण म्हातारा एवढंच बोलला. का हात लावायचा नाही, ते सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. त्या पिढीला कारण सांगायची सवय नाही, आणि कडुबाला विचारायची नाही.

दुकानात आल्यावर त्यानं भाग सुटे केले. धुण्याचा सोडा गरम पाण्यात टाकून नळ्या भिजत घातल्या. काय कीट निघाला! काळा, चिकट, गुळाच्या काकवीसारखा. मग भांडं चिंचेनं उजळलं, नक्षीच्या खाचा मऊ ब्रशनं साफ केल्या. चाकावर मात्र घातलं नाही, कारण चाक जुन्या पितळेला पातळ करतं. इथवर त्याचं काम असं झालं होतं की बापानंही पाठ थोपटली असती.

शेवटी त्यानं उभी नळी उजेडाला धरली. तिचं खालचं टोक, जे कायम पाण्यात बुडालेलं असतं, ते खाऊन गेलं होतं. उंदरानं कुरतडावं तशी कड, आणि एका बाजूला वर चढलेली चीर. झालं! हात शिवशिवले. एवढी सुंदर वस्तू आणि असलं दळभद्री टोक? म्हाताऱ्याला दिसत नसेल, म्हणून राहिलं असेल. कडुबानं करवत घेतली, सडकं टोक कापलं, त्याच जाडीचा नवा पितळी तुकडा बसवला आणि डाख देऊन जोडला. सांधा असा घासला की नखालासुद्धा लागू नये. कापलेलं टोक त्यानं सवयीनं पत्र्याच्या डब्यात टाकलं, कारण पितळ कधी फेकायचं नसतं.

गुडगुडी पोचवली तेव्हा भरदुपार होती. तात्यासाहेबांनी भांडं फिरवून फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. तुझ्या बापाचा हात आहे तुला, असं ते म्हणाले. नळीचं कडुबा बोलणार होता. पण सांगितलं नसताना केलंय, उगाच रागावतील, हळूहळू त्यांच्या ध्यानात येईल आणि खूष होतील, असा विचार करून तो चहा पिऊन निघून आला.

दोन-तीन दिवसांनी दीपमालेचा फोन आला. कडुबाभाऊ, जरा येऊन जाता का, गुडगुडीचं काहीतरी झालंय. एवढंच.

तो संध्याकाळी पडेगावला गेला. दार उघडंच होतं. दाराशी खुर्ची टाकून भागूबाई बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, नजर रस्त्यावर. कडुबानं काकू म्हणून हाक मारली तर त्यांनी ओळख न दाखवता विचारलं की, मळ्याकडून आलास का, आमचे हे दिसले का रस्त्यात. आतल्या खोलीत त्यांचे हे खाटेवर बसून गुडगुडी ओढत होते. आवाज बाहेर स्पष्ट येत होता.

मग दीपमालेनं स्वयंपाकघरात नेऊन हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आईंचं डोकं गेली दीड-दोन वर्षं जागेवर नाही. मुलाला ओळखत नाहीत, नवऱ्याचा चेहराही ओळखत नाहीत, हे म्हातारबुवा कोण म्हणून विचारतात. पण गावाकडे सगळा जन्म असा गेलेला की, तात्यासाहेब मळ्यातून यायचे, ओट्यावर बसायचे, गुडगुडी वाजली की भागूबाई आतून ताट वाढून आणायच्या. नवरा जेवायला बसल्यावर मगच त्यांचा घास. सगळं विसरल्या, तो आवाज तेवढा राहिला. संध्याकाळी गुडगुड ऐकली की त्यांना वाटायचं, आले. मग त्या वाढायच्या, बसायच्या आणि जेवायच्या. आता आवाज वेगळा येतो. कोण बाई ते पाणी उकळतंय, असं म्हणतात आणि दाराशी जाऊन बसतात. घरचे आले नाहीत तर मी कशी जेवू, म्हणतात. चार चमचे दूध कसंबसं जातं पोटात.

कडुबाला त्या क्षणी सगळं कळलं. चिरलेल्या, कुरतडलेल्या टोकातून हवा तुकड्यातुकड्यांनी सुटायची, अडखळत, थांबत, पुन्हा गुडगुडत. आता सरळ कापलेल्या तोंडातून ती एकदम सुटत होती. भडभड, भडभड. भागूबाई म्हणत होत्या ते अगदी बरोबर होतं, पाणीच उकळत होतं.

तो आत गेला. तात्यासाहेबांनी दांडी खाली ठेवली आणि दम घेऊन विचारलं, "नळीला काही केलंस का रे?"

आता इथं एक शब्द बोलायचा होता. एकच. बोलला असता तर म्हाताऱ्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी काम झालं असतं. पण दीपमाला दारात उभी होती. नुकतंच जे ऐकलं होतं ते कानात ताजं होतं. बापाचा हात आहे तुला, हेही कानात होतं. कडुबानं तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच.

"नाय तात्या. फक्त कीट काढला. पाणी कमी-जास्त झालं आसंल."

वर त्यानं भांड्यातलं पाणी थोडं कमी केलं, थोडं वाढवलं, कान लावून ऐकल्याचं सोंगही केलं. तात्यासाहेबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. अहो, का नाही ठेवणार? त्याच्या बापानं त्या घराचं एक भांडं कधी बिघडवलं नव्हतं. ते छातीवर हात ठेवून म्हणाले की, मग माझाच भाता गेला म्हणायचा. दम पुरत नाही म्हणून आवाज फुटत नाही. आणि त्यांनी दांडी पुन्हा तोंडाला लावली, आधीपेक्षा जोरानं ओढली. कडुबा निघाला तेव्हा ते खोकत होते. दाराशी भागूबाईंनी त्याला परत विचारलं, आमचे हे दिसले का. तो मान खाली घालून चपला शोधत राहिला, त्या पायातच होत्या.

पुढचे दिवस वाईट गेले. तो पत्र्याचा डबा दुकानात हाताशीच होता. त्यात कुरतडलेलं टोक पडलं होतं, आणि त्याला जागेवर बसवणं म्हणजे अर्ध्या घटकेचं काम. कडुबाला हे पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तो डब्याकडे बघायचा नाही. गुडगुडी परत मागायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर आपण हात लावला, आणि वर तोंडावर खोटं बोललो, दोन्ही बाहेर येणार. नुसता हात लावला असता तर निभावलं असतं. खोट्यानं सगळं अंगाशी आणलं. काहीतरी निमित्त काढून नेऊ, असं तो रोज सकाळी ठरवायचा आणि संध्याकाळी लोकांच्या समया घासत बसायचा. एका बाईनं ॲसिडनं धुतलेला तांब्या आणला, तर तिला तो काहीच बोलला नाही. घरी ताटावर बसला की दाराशी बसलेली म्हातारी समोर यायची आणि भाकरी तोंडात फिरायची. सत्यभामेनं कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. ती म्हणाली, स्टोव्ह उघडून बसलेला माणूस असा गप्प बसला की मला भीती वाटते, काय केलंत तेवढं सांगा. त्यानं तिलाही सांगितलं नाही.

मग दीपमालेचा पुन्हा फोन आला. तिचा काही राग नव्हता, तेच तर वाईट. बाबांना दम लागतोय, डॉक्टर येऊन गेले, तोंडात मारायचा पंप दिलाय. गुडगुडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं तरी ऐकत नाहीत. रोज संध्याकाळी ओढतात, निळे पडेपर्यंत ओढतात, म्हणतात, अजून जोर लावला तर आवाज येईल, ती उपाशी आहे. कडुबाभाऊ, तुम्ही जुने ओळखीचे, तुम्ही तरी त्यांना समजावा की आता होत नाही ते होत नाही.

फोन ठेवल्यावर कडुबा खाली बसला. आपण घाबरून एक शब्द गिळला, आणि तिकडे एक म्हातारा स्वतःच्या छातीला दोष देत स्वतःला फाडतोय. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. त्यानं डबा उघडला, टोक काढून खिशात घातलं, लहान गॅसची बत्ती, डाख आणि करवत पिशवीत टाकली आणि दुकानाला कुलूप लावून निघाला.

तात्यासाहेब उशांना टेकून पडले होते. गाल बसले होते. कडुबा खाटेच्या पायाशी जमिनीवर बसला आणि खिशातलं टोक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"तात्या, नळी मी कापली. तुमचा दम गेला नव्हता. मी खोटं बोललो."

तात्यासाहेबांनी ते टोक उचललं. अंगठ्यानं त्याची कुरतडलेली कड चाचपली, चीर चाचपली. शिव्या दिल्या असत्या तर कडुबाला बरं वाटलं असतं. तो शिव्यांचीच वाट बघत होता.

"बसव जागेवर," शेवटी ते म्हणाले. "आन् मी आपला रोज माझ्या छातीवर चिडत होतो."

कडुबानं मागच्या गॅलरीत बसून नवा तुकडा कापून काढला, जुनं टोक पूर्वी होतं तसंच, चीर त्याच बाजूला ठेवून, बसवलं आणि डाख दिला. सांधा घासला नाही. नळी गार झाल्यावर धुतली, पुसली, सांध्याला मेण लावलं, भांड्यात पाणी भरलं आणि गुडगुडी खाटेजवळ आणून ठेवली. दिवे लागायची वेळ झाली होती. बाहेर भागूबाई दाराशी बसलेल्याच होत्या.

तात्यासाहेबांनी दांडी तोंडाला लावली. पाण्यात एकच बुडबुडा उठला आणि त्यांना खोकला आला, असा की दीपमाला धावत आली आणि पाठ चोळायला लागली. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. पाणी हललंसुद्धा नाही. आता दम खरोखरच गेला होता, आणि तो कुणी घालवला ते त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं.

त्यांनी दांडी कडुबाकडे केली. तूच ओढ, असं हातानंच सांगितलं.

कडुबा मागे सरला. तात्यासाहेबांच्या गुडगुडीला त्याच्या बापानंही कधी तोंड लावलं नव्हतं. थोरामोठ्याची गुडगुडी ओढायची तर दांडीभोवती मूठ धरायची आणि मुठीला तोंड लावायचं, ओठ पितळेला लागू द्यायचे नाहीत, हे तो लहानपणापासून बघत आला होता. त्यानं तशीच मूठ धरली, डोळे मिटले आणि ओढलं.

गुड. गुडगुड. थोडं थांबून पुन्हा गुड. अडखळत, दमानं, देवगावच्या ओट्यावरचा तोच आवाज.

बाहेर खुर्ची सरकली. भागूबाई आत आल्या, पण खोलीकडे न येता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. भांडी वाजली. दीपमाला मागोमाग गेली तर तिला त्यांनी बाजूला केलं. थोड्या वेळानं त्या ताट घेऊन आल्या, भाकरी, मेथीची भाजी, पिठलं, आणि ते ताट त्यांनी गुडगुडी ओढणाऱ्यापुढे, म्हणजे कडुबापुढे ठेवलं. खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पदर सारखा करून त्या समोर बसल्या.

"लई उशीर केला आज," त्या म्हणाल्या. "हात धुवा, जेवा. मीबी खोळंबले."

कडुबानं तात्यासाहेबांकडे पाहिलं. बायकोनं वाढलेलं ताट दुसऱ्यापुढे गेलेलं ते बघत होते, डोळे भरलेले होते, आणि त्यांनी मान हलवली, जेव. कडुबानं हात धुतले, भाकरी मोडली, घास घेतला. भागूबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, अजून कशाची तरी वाट बघितल्यासारख्या. स्वतःच्या भाकरीला हात लावत नव्हत्या.

तात्यासाहेब उशीवरून पुढे झुकले आणि कडुबाला ऐकू येईल एवढंच बोलले.

"मीठ कमी हाय म्हन. मी रोज म्हनतो."

"मीठ कमी हाय," कडुबा म्हणाला.

भागूबाई हसल्या. रोजचंच तुमचं, असं म्हणून त्यांनी चिमूटभर मीठ त्याच्या ताटाच्या कडेला ठेवलं, मग आपली भाकरी मोडली आणि जेवायला लागल्या. कितीतरी दिवसांनी त्या पोटभर जेवत होत्या. कडुबा थांबला तर त्याही थांबतील, म्हणून तो जेवत राहिला.